कर्नल यंगची बाजू

बापू लेकीकडून, डॅलसहून परतल्यापासून कट्ट्यावर टेक्सासातल्या गेन्सव्हिल गावाचाच विषय. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1862 च्या ऑक्टोबरात, तिथे उत्तरेच्या बाजूचे म्हणून 40 जणांना फासावर चढवलं, हे आता चहावाल्यालाही पाठ झालंय. काल नानांनी उलटा सूर लावला.

"त्या चाळीसांचं ऐकतोय रोज. कर्नल यंगचं काय? शेरीफ झाला, मेक्सिकोविरुद्ध लढला, अकरावं टेक्सास घोडदळ उभं केलं. रेड नदीकाठी एवढी जमीन! आजारपणाच्या रजेवर घरी आला, तर दबा धरून गोळी घातली त्याला."

"रजेवर आला आणि ज्युरी नेमायला बसला," शैलाताई म्हणाल्या. कोर्टातल्या नोकरीत केस पिकलेत त्यांचे. "बारांपैकी सात जण गुलामांचे मालक. गेन्सव्हिलच्या त्या कुक कौंटीत दहातल्या एकाकडेही गुलाम नसेल, नाना! आणि हा यंग अन् धरपकड करणारा तो कर्नल बोरलंड, दोघांकडे मिळून कौंटीतले जवळजवळ पाव हिस्सा गुलाम. कुंपणच शेत खायला बसलं."

"युद्ध चालू होतं हो! फितुरांना काय हार घालायचे?"

"फितूर कोण?" बापू उसळले. "1861 ला कुक कौंटीतल्या 61 टक्के लोकांनी अमेरिकेतून फुटायला नको म्हणून मत दिलं होतं. पुढच्या वर्षी सक्तीची भरती आली. मोठ्या गुलाममालकांना सूट का, म्हणून तीस जणांनी फुटीर दक्षिणेच्या राजधानीला, रिचमंडला अर्ज केला. तिथून संशय सुरू."

काही जणांनी गुप्त संघटना काढली होती, हे बापूंनीही मान्य केलं. पण धरपकड झाली ती सरसकट. पहिले सात साध्या बहुमताने गेले. मग ज्युरीतच कुरबुर झाली, दोन-तृतीयांश मतांची अट आली. तेवढ्यात आणखी चौदा जण जमावाच्या हवाली झाले, खटल्याशिवाय. उरलेल्यांना सोडायचं ठरलं होतं. 16 ऑक्टोबरला यंग मेला, आणि सुटायचे होते त्यांतल्या 19 जणांना परत उभं करून फाशी दिली.

"रागाच्या भरात होतं असं," नाना पुटपुटले.

"राग आला तर मारेकरी शोधा. कोठडीत बसलेल्या माणसाने नदीकाठी गोळी कशी झाडली?"

नाना चहात बघत राहिले. यंगचं मरण वाईटच, त्यात वाद नाही. पण एका जमीनदाराच्या जिवाची भरपाई म्हणून 19 संसार उद्ध्वस्त करायचे, याची चीड मला आजही येते. युद्ध संपल्यावर फाशी देणाऱ्यांवर खटले झाले, तेव्हा दोषी ठरला एकच. एक!

"पोराने तरी बापाचं नाव राखलं ना?" नानांना राहवेना.

"राखलं की," बापू म्हणाले. "यंग मेला म्हणून शर्मन गावच्या एका संपादकाने आनंद छापला, तर जिमने त्याला गोळी घातली."

"बघा! छापायचंच कशाला?"

"नाना," शैलाताईंनी कप खाली ठेवला, "सोसायटीचे सेक्रेटरी असताना माझी मंजूर झालेली पार्किंगची जागा पुढच्या सभेत तुम्हीच नामंजूर केलीत. यंगची बाजू तुम्हाला नाही कळायची तर कोणाला?"

"ती जागा गटारावर होती!"

"सभेत झाडाखाली म्हणाला होतात!" बापू ओरडले. मग टेक्सास राहिलं बाजूला. चहावालासुद्धा हसत सुटला, आणि नाना इतिवृत्ताची वही आणायला तावातावाने घरी निघाले.