आभासी जगात देह गळून पडतो काय?

“आभासी जगात देह गळून पडतो, तिथे ना कोणी बाई, ना बुवा, ना काळे, ना जाड,” असा एक मजकूर सध्या आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरत आहे. या दाव्यासाठी त्यात पुढे दिलेले तिन्ही मुद्दे तपासून पाहण्याजोगे आहेत.

पहिला मुद्दा असा की अवतार, म्हणजे पडद्यावर आपल्या जागी वावरणारे रूप, हवा तसा घडवता येतो. घडवता येतो हे खरे, पण बनवणाऱ्याने आखून दिलेल्या साच्यांतूनच. गावातली मुले ज्या नेमबाजीच्या खेळात रात्री उशिरापर्यंत रमतात, त्यातला पुरुष चिलखत घालून उभा असतो, आणि बाईची कंबर मात्र मुठीत मावेल एवढीच असते. कपाशी वेचून रापलेले, पाण्याचे गुंड वाहून रुंद झालेले खांदे त्या साच्यांत कुठेच सापडत नाहीत.

दुसरा मुद्दा, रूप खोटे म्हणून त्याचा परिणामही खोटा, हा सर्वांत कच्चा आहे. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्यांना उंच अवतार मिळाले, त्यांनी पैशांच्या वाटणीत अधिक ताठर भूमिका घेतली, तर बुटके अवतार मिळालेल्यांनी अन्यायकारक वाटणीही अधिक सहज मान्य केली. आणि २००९ च्या पुढील अभ्यासात हा ताठरपणा पडदा दूर झाल्यावर, समोरासमोरच्या बोलणीतही टिकून राहिल्याचे दिसले. जेसी फॉक्स यांनी सहकाऱ्यांसह २०१३ साली मांडलेल्या अभ्यासात, अंगप्रदर्शन करणारा अवतार धारण केलेल्या स्त्रियांच्या मनात स्वतःच्या शरीराविषयीचे विचार अधिक आले. हे प्रयोग अमेरिकेतले आहेत, आपल्या शिवारातले नाहीत, ही हरकत रास्तच आहे. पण मजकूर लिहिणाऱ्याने तेवढाही आधार दिलेला नाही.

तिसरा मुद्दा, ओळख झाकलेली असल्याने मुलींना तिथे समान वागणूक मिळते. मुळात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष सुमारे ४९ टक्के होते, स्त्रिया सुमारे २५ टक्केच. ज्या आत पोचतात, त्यांचे काय होते? माझ्याकडे शिकवणीला येणारी एक दहावीतली मुलगी पुरुषाचाच अवतार घेऊन खेळते. एकदा तिने माइक सुरू केला, तेव्हा “अबे, हे तं पोट्टी हाय!” असा गलका झाला आणि पुढचा सगळा वेळ तिच्या नेमाऐवजी तिच्या दिसण्याचीच चौकशी चालली. तेव्हापासून तिचा माइक बंद आहे.