‘मानवी गुणसूत्रंच गळतात’: नोट्समधल्या एका ओळीची उलटतपासणी

नेट-सेटच्या तयारीच्या ज्या पीडीएफ ग्रुपांवर फिरतात, त्यांत ही ओळ हमखास सापडते: मानव-उंदीर संकर पेशीतून नेहमी मानवी गुणसूत्रं गळतात, कुठलीही गळतात, कारण उंदराच्या पेशी भराभर विभागतात. संकर पेशी म्हणजे दोन पेशी एकमेकींत मिसळून केलेली एक पेशी; ती विभागत जाते तशी काही गुणसूत्रं हरवतात, तीच ही गळती. एका दमात तीन विधानं, आणि तिन्ही अर्धवट.

‘नेहमी’. ही समजूत हवेतून आलेली नाही. 1967 मध्ये मेरी वाइस आणि हॉवर्ड ग्रीन यांनी मानवी फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतल्या पेशी) आणि उंदराच्या एल पेशी यांचा संकर केला. उंदराची गुणसूत्रं बरीचशी टिकली, माणसाच्या 46 पैकी मोजकीच उरली. पुढे असंख्य प्रयोगांत हेच दिसलं. पण 1970च्या दशकातच एचटी-1080 ही मानवी कर्कपेशी आणि उंदराच्या पोटातले मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) यांचा संकर झाला, तेव्हा गळती उलट्या बाजूने लागली: उंदराची गुणसूत्रं गेली, माणसाची राहिली. म्हणजे ‘बहुधा’ लिहा, ‘नेहमी’ नको.

‘कुठलीही’. इथे जरा थांबायला हवं, कारण या पद्धतीची सगळी गंमत इथेच आहे. एल पेशींच्या त्या वाणात थायमिडिन कायनेज हे विकर नव्हतं. संकर पेशी हॅट माध्यमात (हायपोझँथिन, अमिनोप्टेरिन आणि थायमिडिन घातलेल्या) वाढवल्या की त्यातलं अमिनोप्टेरिन डीएनएचा कच्चा माल बनवण्याचा नेहमीचा रस्ता बंद करतं. उरतो तो माध्यमातलं आयतं थायमिडिन उचलण्याचा आडरस्ता, आणि त्याला हेच विकर लागतं. त्याचा मानवी जनुक 17व्या गुणसूत्रावर आहे. ते हरवलं की पेशी मेली! त्यामुळे जगलेल्या क्लोनमध्ये (एकाच पेशीपासून वाढलेल्या पेशींत) बाकीची काहीही असोत, 17 किंवा निदान त्याचा तो तुकडा असतोच. आता त्याच पेशी ब्रोमोडीऑक्सियुरिडिन या थायमिडिनसारख्या दिसणाऱ्या विषात टाका. विकर असलेली पेशी ते विष डीएनएत ओढून घेते आणि मरते. वाचते ती 17 गमावलेली. गुणसूत्र तेच, माध्यम बदललं की तारणारं मारक होतं. उंदराच्या पेशीत एचपीआरटी (हायपोझँथिन उचलण्याच्या आडरस्त्याचं विकर, त्याचा मानवी जनुक एक्सवर) नसेल, तर हॅटमध्ये मानवी एक्स टिकवावा लागतो.

निवडीचा असा दाब नसलेल्या गुणसूत्रांची गळती मात्र बरीचशी यदृच्छ असते, हे मान्य. प्रत्येक क्लोनमध्ये वेगळा संच उरतो. कुठल्या क्लोनमध्ये मानवी विकर सापडतं आणि त्या सगळ्यांत समान गुणसूत्र कोणतं, हे ताडून पाहत जनुकांचे पत्ते शोधले गेले. थायमिडिन कायनेजचा पत्ता 17 हा 1971 मध्ये पक्का झाला, तो असाच.

‘भराभर विभागतात’. यात थोडं तथ्य आहे, पण प्रजाती हे उत्तर नव्हे. वाइस-ग्रीन यांच्या प्रयोगात एल पेशी ही वर्षानुवर्षं काचपात्रात मुरलेली उंदराची पेशीमाला होती, आणि समोर साध्या द्विगुणित मानवी पेशी. एचटी-1080च्या वेळी मुरलेली पेशीमाला माणसाची होती, उंदराचे मॅक्रोफेज थेट शरीरातून आलेले. कोण माणूस आणि कोण उंदीर याआधी कोण मुरलेलं आणि कोण नवखं, ते बघा. हाही कलच, नियम नव्हे.

मानव-उंदीर हायब्रिडोमा (प्रतिपिंड देणारी पेशी आणि कर्कपेशी यांचा संकर) करून पाहणाऱ्यांना या गळतीची झळ चांगलीच बसते. प्रतिपिंडाच्या जड साखळीचा मानवी जनुक 14व्या गुणसूत्रावर असतो. ते निसटलं की कालपर्यंत प्रतिपिंड देणारा क्लोन पात्रात मजेत वाढत राहतो, पण प्रतिपिंड देत नाही.