आमचा कोंबडा आणि शेजारची झोप

गुहागर तालुक्यातील आमच्या घराच्या मागीलदारी गेली बारा वर्षे गावठी कोंबड्या आहेत. गेल्या मे महिन्यात खुडूक कोंबडीखाली १३ अंडी ठेवली, एकविसाव्या दिवशी ११ पिल्ले निघाली, घार आणि मुंगूस यांच्या तावडीतून आठ वाचली आणि त्यांत पाच नर निघाले. नवरात्राच्या सुमारास ते आरवू लागले. थोरला धरून सहा कोंबडे झाले.

शेजारच्या वहिनींची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. एका सकाळी वहिनी गडग्यापाशी येऊन संकोचाने म्हणाल्या, "भाऊ, रागावू नका, पण बाळ पहाटे जेमतेम डोळा लावतं आणि तुमचे कोंबडे सुरू होतात." गावात कोंबडे आरवायचेच, हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. ते मी दिले नाही याचे मला आज समाधान आहे, कारण पूर्वी दोन घरांच्या मध्ये नारळी-पोफळीचे आगर असे आणि आज त्यांच्या खिडकीपासून आमचे खुराडे वीस फुटांवर आहे. कोंबड्याची बांग जवळून १०० डेसिबलच्या वर जाते. ती पोसणाऱ्याने ऐकून घ्यावी, शेजाऱ्याने का म्हणून?

पहिला उपाय म्हणून मी खुराड्यावर गोणपाट टाकले. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. कोंबडाही आरवायचा राहत नाही, हे मला तेव्हा कळले. जपानमधील नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही शरीरातील घड्याळानुसार आरवतात आणि पहाटेची बांग उजाडण्याच्या सुमारे दोन तास आधीच सुरू होते. त्यांच्याच पुढच्या अभ्यासानुसार कळपातील वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे त्याच्यामागून आरवतात. आमच्याकडे नेमके हेच चालले होते: थोरल्याने सुरुवात केली की पाचही तरणे ओळीने उत्तर देत.

म्हणून खरा उपाय संख्येचा आहे, असे माझे ठाम मत झाले. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. पिल्ले हवी असतील तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो. दोन कोंबडे मावसभावाच्या आडवाडीतील घरी दिले, दोन राखणीला, म्हणजे गावच्या राखणदार देवाला मान म्हणून, गेले आणि एकाचे सणाला कोंबडी-वडे झाले. खुराडे चिऱ्याच्या भिंतीआड, वहिनींच्या खिडकीपासून लांब हलवले आणि रस्त्यावरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे आत पडू नयेत म्हणून तोंड वाडीकडे केले, कारण मध्यरात्रीही असा झोत पडला की उरलेला थोरला दचकून आरवत असे. रात्री त्याला मान पूर्ण उंचावता येऊ नये इतक्या खाली आतून फळी बसवली. त्याने आवाज थोडा कमी झाला, बंद झाला नाही. हवा खेळती राहील एवढ्या फटी मात्र ठेवल्याच पाहिजेत. आपल्या दमट हवेत कोंदट खुराड्यात कोंबड्यांना श्वासाचे आजार लगेच होतात.

मानेभोवती आवळायचा पट्टा लावण्याचा सल्ला मला दोघांनी दिला. बांग देताना कोंबडा शरीरातील हवा जोराने बाहेर फेकतो. त्या वाटेवर आवळपट्टी लावणे, ज्याला आपण हाताने दाणे घालतो त्या प्राण्याच्या बाबतीत, मला क्रूरपणाचे वाटते. पट्टा घट्ट झाला तर तो गुदमरू शकतो. माझ्या दारी ते होणार नाही.

घरगुती निवास चालवणारे काही जण थेट तक्रारीची भाषा करतात. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे खरे. पण कागद हाती घेण्याआधी वहिनींसारखे गडग्यापाशी येऊन बोलावे, एवढी माझी मनापासून विनंती आहे.

आमचा थोरला आजही पाचच्या सुमारास आरवतो. बाळ आता सहा महिन्यांचे झाले आहे आणि वहिनी म्हणतात, एकाचा आवाज चालतो. यंदा अंडी बसवण्याआधी मी त्यांना सांगून येणार आहे.