पावसातल्या रविवारी पोरांनी जायचं कुठे?

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबलचक होईल.

सकाळपासून धो धो पाऊस. सोसायटीच्या ग्रुपवर नेहमीचा प्रश्न, पोरांना कुठे न्यायचं? उत्तरही नेहमीचंच, मॉल. आम्हीही गेलो. प्ले झोनच्या काउंटरवर आमच्यापुढे एक बाई होत्या, दोन मुलांना घेऊन. प्रत्येक मुलाचे तासाचे पैसे वेगळे, वर त्यांच्याकडचेच मोजे विकत घ्यायचे, घरचे चालत नाहीत. त्यांनी पर्स उघडून पाहिली, धाकटीला आत सोडलं आणि थोरल्याला म्हणाल्या, "तू मोठा ना राजा, तू माझ्यापाशी थांब." मोठा म्हणजे सात वर्षांचा असेल. पूर्ण वेळ काचेला नाक लावून उभा होता.

अहो, मुंबईत पाऊस काय आज पहिल्यांदा पडतोय? चार महिन्यांत सरासरी 2000 मिलिमीटरच्या वर पडतो, दरवर्षी पडतो. वन रूम किचनमध्ये दोरीवर ओले कपडे आणि त्याखाली दोन पोरं, अशी किती घरं आहेत! पालिकेच्या शाळांचे हॉल रविवारी कुलूपबंद. समाजमंदिरं लग्न-बारशांना. एक सतरंजी, दोन कॅरम, थोडी गोष्टींची पुस्तकं आणि लक्ष ठेवायला एक माणूस, एवढं जमत नाही या शहराला?

आणि ज्या जागा आहेत, त्या आपल्याला आठवत नाहीत. मागच्या पावसाळ्यात लेकीला भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयात नेलं होतं. राणीच्या बागेला लागूनच, 1872 पासून उभं आहे. वरच्या मजल्यावर जुन्या मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत, प्रत्येकाची पगडी निराळी. तिथले एक मामा तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "सांग बघू, तुझे पणजोबा यातली कुठली घालत असतील?" झालं! पोरगी एकेका कपाटापुढे थांबून पणजोबा शोधत फिरली. शेवटी एक पगडी पक्की केली आणि घरी येऊन आजीकडून खात्री करून घेतली. आजी तासभर बोलत होत्या. इतकी वर्षं सून आहे मी, यातलं काही मला ठाऊक नव्हतं.

मॉलमधली स्वच्छतागृहं चांगली असतात, हे मान्य. दादरजवळ हिंदमाताला रस्त्यावर पाणी भरलं की बोरिवलीहून भायखळ्याला कुणी यायचं, हेही बरोबर.

पण म्हणून दर रविवारी तेच? वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र 1985 पासून आहे, तिथे तर वस्तूंना हात लावूनच शिकायचं असतं. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात 2019 पासून मुलांचा वेगळा विभाग आहे. तिकिटं प्ले झोनच्या मानाने किरकोळ. काही ठिकाणी "हात लावू नका, आवाज करू नका" म्हणून पोरांना नुसतं हाकलत असतात, त्याचा मला मनापासून राग येतो. त्या मामांना कुणी शिकवलं नसणार. पोराशेजारी खाली बसायला पैसे पडत नाहीत.

त्या दिवशी भायखळ्याच्या संग्रहालयातून बाहेर आल्यावर लेकीला तिथला घारापुरीचा दगडी हत्तीही दाखवला. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो खाली पडून फुटला आणि इथेच राहिला. छत्रीखाली उभं राहून लेक म्हणाली, "बरं झालं पडला." मी पाणीपुरीचं कबूल केलं होतं, तेही विसरली.

तर पुढच्या रविवारी पाऊस असला तर मी लेकीला आणि आमच्या मजल्यावरच्या मुलांना घेऊन भायखळ्याला जातेय. स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की चालत जाता येतं. संग्रहालय बुधवारी बंद असतं. ज्यांना यायचंय त्यांनी खाली लिहा. मुलं कुणाचीही आणा, शेजारच्यांचीही. तिकिटांचं आपण मिळून बघू. येताना प्रत्येकाने एक कोरडा टॉवेल आणि जास्तीचा डबा घ्या.