९२ गुण आणि वाकवताना उघडलेला जोड : एका अभिप्रायाला उत्तर

आदरणीय महोदय,

आमच्या भोसरीतील वेल्डिंग प्रशिक्षण केंद्राविषयी आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी आमच्या दोन्ही प्रशिक्षकांना वाचून दाखवला. आपली तक्रार थोडक्यात अशी आहे : तीन महिन्यांचे शुल्क घेऊन आम्ही आपल्या मुलाच्या डोळ्यांवर व्हीआरचा (आभासी दृश्य दाखवणारा) चष्मा चढवला आणि त्याला ‘व्हिडिओ गेम’ खेळत ठेवले, त्या यंत्राने त्याला ९२ गुण दिले, पण चाकणच्या एका कारखान्यात उभ्या जोडाची चाचणी झाली तेव्हा त्याने जोडलेली पट्टी वाकवताच उघडली, चष्म्यामुळे त्याला चक्कर येत असे त्याची कोणी दखल घेतली नाही, आणि हे सारे आम्ही रॉड (वेल्डिंगची वितळणारी सळई) व प्लेट वाचवण्यासाठी केले. यातले बरेचसे खरे आहे. जे मला मान्य नाही तेही पुढे लिहितो, परंतु आधी त्या ९२ गुणांविषयी बोलणे मला आवश्यक वाटते.

आमचा सिम्युलेटर, म्हणजे त्या चष्म्यातून आभासी वेल्डिंगचा सराव देणारे यंत्र, शिकणाऱ्याचा हात मोजतो. रॉडचे टोक जॉबपासून (जोडायच्या तुकड्यापासून) किती अंतरावर आहे, रॉड दोन्ही दिशांनी किती कललेला आहे आणि हात किती वेगाने पुढे सरकतो आहे, एवढ्याच गोष्टींवर त्याचे गुण ठरतात. आपल्या मुलाचा हात खरोखरच स्थिर आहे, त्यामुळे ते गुण खोटे नव्हते. पण आपण अभिप्रायासोबत वाकवलेल्या पट्टीचे छायाचित्र जोडले आहे (ते आपणच प्रसिद्ध केले असल्यामुळे मी त्यावर इथे लिहितो आहे), त्यात दोन थरांच्या मधोमध एक काळी रेघ स्पष्ट दिसते. छायाचित्रावरून जेवढे सांगता येते त्यानुसार हा अडकलेला स्लॅग, म्हणजे रॉडवरच्या लेपाचा वितळून गोठलेला मळ, आहे. ७०१८ या प्रकारच्या रॉडने रूट, म्हणजे जोडाचा तळचा पहिला थर, मारल्यानंतर थराच्या दोन्ही कडांना जी अरुंद खाच उरते, तीत स्लॅग घट्ट बसतो. चिपिंग हातोडीने वरचा पापुद्रा निघतो, आतला निघत नाही, तिथे ग्राइंडर लावून, वायर ब्रश मारून, उजेडात निरखूनच पुढचा थर चढवावा लागतो. पट्टी वाकवल्यावर सामान्यतः ३ मिमीपेक्षा मोठी फट उघडली की जोड नापास होतो, आणि ही रेघ त्याहून बरीच लांब आहे.

आता आमची चूक. आमच्या सिम्युलेटरवर थर पूर्ण झाला की एक कळ दाबायची आणि स्लॅग नाहीसा होतो. म्हणजे जी सफाई विसरल्यामुळे आपल्या मुलाचा जोड उघडला, ती सफाई त्या यंत्रावर त्याने एकदाही हाताने केलेली नव्हती, आणि यंत्राने त्याबद्दल एकही गुण कापला नव्हता. हे आमच्या प्रशिक्षकांना माहीत होते, मलाही माहीत होते. तरीही केंद्राचे नाव छापलेल्या कागदावर आम्ही ९२ हा आकडा ठळक अक्षरांत दिला आणि तो कशाचा आहे हे कुठेही लिहिले नाही. आपण तो उत्तीर्ण झाल्याचा दाखला समजलात, यात आपला काही दोष नाही.

दुसरी चूक तासांची. प्रवेशाच्या वेळी आम्ही सिम्युलेटरचे ३० तास सांगितले होते. आपल्या मुलाच्या तुकडीच्या वेळी आमचे दोन वेल्डिंग संच दुरुस्तीसाठी महिनाभर बंद होते आणि ती पोकळी आम्ही चष्म्याने भरून काढली; हजेरीवहीप्रमाणे त्याचे सिम्युलेटरचे तास ५५ झाले. आयटीआयचा वेल्डर ट्रेड वर्षभराचा असतो, आमच्या हाती जेमतेम तीन महिने. त्यातले २५ तास खऱ्या आर्कपासून (रॉडच्या टोकाशी पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीपासून) दूर जाणे ही लहान बाब नव्हे, आणि पालकांना ते कळवायला हवे होते.

चक्कर येण्याबाबत आमचा एक प्रशिक्षक ‘सवय होईल’ असे म्हणाला, हे त्याने मान्य केले आहे. मान हलली तरी चष्म्यातले चित्र क्षणभर मागे राहिले, की डोळे एक सांगतात आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा दुसरेच सांगते. त्यातून मळमळ होते. काहींना सवय होते, काहींना होत नाही. आता सलग २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ कोणालाही चष्मा लावू दिला जात नाही आणि ज्याला त्रास होतो त्याला ते तास थेट बूथमध्ये, म्हणजे खऱ्या वेल्डिंगच्या कप्प्यात, दिले जातात.

रॉड आणि प्लेट वाचते, हे खरे आहे व ते मी नाकारणार नाही. १० मिमी जाडीच्या, १५० बाय १०० मिमीच्या दोन पट्ट्या म्हणजे सुमारे २.४ किलो पोलाद. एकदा जोडले की बहुधा भंगारात. शिकाऊ मुलाच्या पहिल्या आठवड्यातले असे बहुतेक जोड पाहण्यासारखेही नसतात. वाचलेले पोलाद शेवटच्या महिन्यात उभ्या आणि डोक्यावरच्या जोडांसाठी त्याच मुलांच्या हाती पडले पाहिजे, हा आमचा हिशेब होता. आपल्या मुलाच्या तुकडीत तसे झाले नाही, म्हणून आपला राग मला समजतो.

मात्र ‘व्हिडिओ गेम’ हा शब्द मला मान्य नाही. नवख्याला सर्वांत अवघड जाते ते असे : ३५० मिमीचा रॉड जळत जळत आखूड होतो, म्हणून हात पुढे सरकवताना त्याच वेळी खालीही न्यावा लागतो, आणि टोक व जॉब यांतले अंतर रॉडच्या जाडीएवढे, म्हणजे ३ मिमीच्या आसपास, राखावे लागते. जवळ गेला तर रॉड चिकटतो, लांब गेला तर आर्क भडकतो. खऱ्या बूथमध्ये काळ्या काचेआडून शिकवणाऱ्याला हे दाखवून देता येत नाही; तो जोड थंड झाल्यावरच चूक सांगतो. सिम्युलेटर त्याच क्षणी सांगतो. शिवाय पहिल्या आठवड्यात कुतूहलाने काच वर करून पाहणाऱ्या मुलांच्या डोळ्यांना वेल्डिंग लागते, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. तेही यात टळते. अमेरिकेतील आयोवा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निम्मा वेळ आभासी आणि निम्मा प्रत्यक्ष सराव करणारा गट केवळ प्रत्यक्ष सराव करणाऱ्यांपेक्षा सरस ठरला होता; त्यांच्याच पुढच्या अभ्यासात असेही दिसले की अवघड जोडांसाठी केवळ आभासी सराव पुरत नाही. उष्णतेने पट्टी वाकणे, ओलसर रॉड, धूर, केबलचे ओझे, अडचणीत आडवे पडून करायचे काम, यांतले काहीच चष्म्यात नसते. म्हणून आम्ही सिम्युलेटर काढून टाकणार नाही, परंतु त्याचे तास ३० वर बांधून घेतले आहेत आणि गुणांच्या कागदावर ‘हाताच्या सरावाची नोंद, वेल्डिंग चाचणी नव्हे’ असे छापले आहे.

आपल्या मुलाला बुडालेले २५ तास, आणि त्यावर आणखी १५, प्लेटवर आणि खऱ्या रॉडने विनाशुल्क करून दिले जातील. नोकरीच्या वेळा आड येत असतील तर रविवारी बूथ उघडा ठेवू. शेवटी त्याची पट्टी आपल्यासमोर कापून वाकवू. पहिल्या दिवशी येताना तो उघडलेला तुकडा त्याच्याकडे असेल तर सोबत आणावा. सफाईचा धडा प्रशिक्षक त्याच तुकड्यापासून सुरू करतील.

आपला,
संचालक