जिओकॅशच्या डब्यात उदबत्ती का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

जिओकॅशिंग म्हणजे रानात किंवा उद्यानात लपवलेला डबा जीपीएसच्या मदतीने शोधायचा, आतल्या वहीत सही करायची आणि हवं तर एक वस्तू घेऊन दुसरी ठेवायची, असा खेळ. अशा जिओकॅशच्या डब्यात काय ठेवावं यावरच्या माझ्या लेखाला एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यांचं म्हणणं असं: लेखाचा सूर मास्तरकीचा आहे. "मनापासून दिलं की झालं, त्यात एवढं शास्त्र कशाला?" आम्ही सिएटलच्या आसपासच्या जंगलातल्या डब्यांत उदबत्तीचा पुडा, चंदनी साबणाची वडी आणि हळदीकुंकवाच्या पुड्या ठेवतो, त्यातून इथल्या लोकांना आपली संस्कृती कळते. या खेळाच्या पहिल्यावहिल्या डब्यातसुद्धा बीन्सचा डबा होता, मग खाऊला मनाई करणारे तुम्ही कोण? सुचवलेल्या वस्तू महाग आहेत. ट्रॅकेबलबद्दल (कोड कोरलेले, डब्याडब्यांतून पुढे जाणारे बिल्ले किंवा नाणी) लेखात धड चार ओळी नाहीत. आणि शेवटी: "अमेरिकेत राहून आपल्या गोष्टींची लाज वाटायला लागली की माणूस असं लिहितो."

या शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देतो, कारण ते लागलं. त्याच लेखात मी गोट्या, रुपयाचं नाणं आणि टिकल्यांचं पाकीट डब्यात ठेवा असं सुचवलं आहे, तेही तिसऱ्याच परिच्छेदात. तिथपर्यंत वाचलं असतं तर लाजेचा प्रश्न आला नसता. मुद्दा खोडा, माहिती चुकीची असेल तर दाखवून द्या, मी ऐकून घेईन. पण ज्या माणसाला तुम्ही ओळखत नाही त्याच्यावर हेत्वारोप करायचा, आणि वर स्वतःचं नावही द्यायचं नाही, ही वादाची रीत नाही. सूर मास्तरकीचा म्हणालात. मी स्वतः डबे लपवतो आणि त्यांची देखभाल करतो. कुजलेली वही, साबणाचा लगदा आणि त्यात चिकटलेली खेळणी काढून डबा धुवायचं काम ज्याच्याकडे येतं, तो थोडं ठासून लिहिणारच.

आता "मनापासून दिलं की झालं" याबद्दल. प्रतिक्रियेतलं हे वाक्य सगळ्यांना पटेल असं आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

वस्तू ठेवायला दोन मिनिटं लागतात. ती डब्यात किती काळ पडून राहील हे ठेवणाऱ्याच्या हातात नसतं. कॅस्केड पर्वताच्या पायथ्याशी ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत ओल असते. आडवाटेवरचा डबा या सगळ्या काळात कोणी उघडेलच असं नाही. थंडीत आतलं पाणी गोठतं, उन्हाळ्यात उघड्यावरचा लोखंडी अ‍ॅमो कॅन (काडतुसांची जुनी पेटी) तापतो. म्हणून देताना मन कसं होतं याने डब्याला फरक पडत नाही. ही वस्तू ओल, गोठण आणि उष्णता सोसून शेजारच्या वस्तूंना न बिघडवता सहा महिने राहील का, हे पाहावं लागतं. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही वस्तू इथे नापास होतात, आणि प्रत्येकीचं कारण वेगळं आहे.

साबण आणि उदबत्ती वासामुळे बाद होतात. झिपच्या पिशवीत घातलं की वास कोंडतो हा गैरसमज आहे. या पिशव्या पॉलिथिनच्या असतात, आणि सुगंधी द्रव्यांचे रेणू पॉलिथिनमधून हळूहळू बाहेर झिरपतात. माणसाला वास येत नाही, पण उंदीर, खार, रकून आणि काळी अस्वलं यांचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असतं, आणि वॉशिंग्टन राज्याच्या जंगलांत काळी अस्वलं भरपूर आहेत. वास चंदनाचा की चॉकलेटचा हा भेद प्राणी करत बसत नाही, तो कुरतडून बघतो. प्लास्टिकच्या झाकणाची कड एकदा कुरतडली गेली की तो डबा संपला. म्हणूनच सुगंधी मेणबत्ती, लिप बाम, वासाचे खोडरबर, च्युइंगगम यांनाही मी नाही म्हणतो. खाण्याचं तर जिओकॅशिंगच्या नियमांतच बसत नाही. साबणाचं आणखी एक आहे. ग्लिसरिनचा साबण हवेतला ओलावा ओढतो, त्याला पाणी सुटतं आणि ते खाली बसून वहीच्या कागदात शिरतं.

उदबत्तीची दुसरी अडचण लांबीची आहे. नेहमीची उदबत्ती आठ-नऊ इंचांची असते. 'स्मॉल' प्रकारातला डबा म्हणजे १०० मिलिलिटर ते १ लिटर. त्यात पुडा सरळ मावत नाही, तिरका घालावा लागतो, आणि त्याचं टोक झाकणाला आतून रेटत राहतं. चार खिट्यांचा प्लास्टिकचा डबा कोरडा राहतो तो झाकणातल्या सिलिकॉनच्या रिंगमुळे. कुकरच्या रिंगखाली भाताचं शीत अडकलं की वाफ निसटते, तसंच हे आहे. फरक इतकाच की इथे गळती शिट्टीवरून कळत नाही, पुढचा माणूस डबा उघडतो तेव्हा कळते.

गळतीचं सगळ्यात मोठं कारण मात्र फार क्षुल्लक असतं: वहीच्या पिशवीचा कोपरा किंवा एखाद्या बाहुलीच्या दोऱ्याचं टोक रिंगखाली येतं. दोरा पाणी शोषून आत आणतो आणि पिशवीच्या घडीतून ते झिरपतं. म्हणून बंद करायची पद्धत सांगतो. वही तिच्या स्वतःच्या पिशवीत, हवा दाबून काढून. पेन्सिल त्या पिशवीबाहेर, कारण टोक पिशवीला भोक पाडतं. बाकी वस्तू दुसऱ्या पिशवीत. मग डब्याच्या काठावरून अंगठा फिरवायचा. वाळूचा कण, पाइनची सुई हाताला लागते. झाकण ठेवून आधी समोरासमोरच्या दोन खिट्या, मग उरलेल्या दोन. खिटी लावताना जोर द्यावा लागला तर डबा जास्त भरला आहे, एखादी वस्तू काढा. चांगल्यात चांगली वस्तूसुद्धा झाकण नीट न लावता ठेवली तर वाया जाते, म्हणून हे इतकं फोडून लिहिलं.

हळदीकुंकवाच्या पुडीबद्दल मला खरोखर काळजी वाटली. अमेरिकेत रानात लपवलेल्या डब्यात लाल किंवा पिवळी अनोळखी पूड सापडली, तर खेळ माहीत नसलेला माणूस पोलिसांना फोन करतो, आणि पोलीस अशी पूड गांभीर्याने घेतात. ज्या उद्यानाने डबा ठेवायला परवानगी दिली, ते ती काढूनही घेऊ शकतं. यात तुमच्या हेतूचा प्रश्न नाही. उघडणाऱ्याला तुमचा हेतू दिसत नाही, त्याला फक्त पूड दिसते. शिवाय पुडी फुटली आणि थेंबभर पाणी शिरलं, तर कुंकू वहीवर पसरतं आणि सह्या वाचता येत नाहीत. देवाची मूर्तीही ठेवू नका. डबा फुटला की आतलं सामान चिखलात जातं, आणि आपल्यालाच ते पाहवणार नाही.

"मग आपलं असं काय ठेवायचं?" हा प्रश्न तुम्ही विचारायला हवा होता. काचेच्या गोट्या ठेवा. पाणी, थंडी, उष्णता, कशाचाही त्यांवर परिणाम होत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात, म्हणून मोठ्या आकाराच्या घ्या. १ रुपयाचं नाणं उत्तम, कारण ते स्टेनलेस स्टीलचं आहे आणि डब्यातल्या ओलीत गंजत नाही. याउलट १९८२ नंतरच्या अमेरिकी पेनीत आत जस्त आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. मुलाम्याला ओरखडा गेला की ओलीत जस्त खाऊन जातं. टिकल्यांचं पाकीट चपटं असतं, कोणत्याही डब्यात बसतं. फक्त ओलीने डिंक जातो, म्हणून ते छोट्या झिप पिशवीत. काचेच्या बांगड्या नकोत, तुकडा बोटात जातो. लाखेच्या नकोत, तापल्या की मऊ पडतात. भोवरा प्लास्टिकचा चालेल. लाकडी भोवऱ्याचा रंग ओलीत सुटतो आणि त्याची लोखंडी आर पिशवी फाडते. पितळेचा छोटा घुंगरू छान. काळा पडेल, पण कुजणार नाही, आणि मुलं तो आधी उचलतात.

हाच निकष बाकी वस्तूंनाही लावा. टणक प्लास्टिकचे डायनासोर, घासलेले दगड, छोटे कॅराबिनर (स्प्रिंगच्या झडपेच्या कड्या), नायलॉन दोरीचे कंगन, साधी शिट्टी चालते. कापडी खेळणी ओल धरतात, त्यांना बुरशी येते. मेणाचे खडू वितळतात. बुडबुड्यांच्या बाटल्या गोठल्या की फुटतात, कारण बर्फ होताना पाण्याचं आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं. फुग्यांचं रबर चिकट होतं. अल्कलाइन सेल पाझरतात आणि बाहेर येणारा क्षार त्वचेला भाजतो. दिवा असलेल्या कीचेनमध्ये बटण सेल असतो. तो मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, म्हणून स्क्रूने बंद न होणारी दिव्याची खेळणी मी ठेवूच देत नाही. चाकू, लायटर, फटाके, दारू, औषधं यांना डब्यात जागा नाही, मग ती औषधं डोकेदुखीची का असेनात. बोळ्यासारखी दुमडलेली जाहिरातपत्रकं, तुटक्या खेळण्याचं चाक, वापरलेली पार्किंगची तिकिटं ही देवाणघेवाण नव्हे, तो कचरा आहे.

वस्तू महाग आहेत, हा आक्षेप कुठून आला ते मला कळलं नाही. गोटी आणि नाणं याहून स्वस्त मी काय सुचवणार? घ्याल तितक्याच किंवा जास्त मोलाचं ठेवा, हा नियम मी केलेला नाही. ठेवायला काही नसेल तर काही घेऊ नका, वहीत सही करा, झालं. १०० मिलिलिटरच्या आतला 'मायक्रो' तर वहीपुरताच असतो, त्यात काही कोंबूच नये.

बीन्सचा डबा. हो, होता. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम घातलेली चूक बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ बादली पुरली. तिच्यात पुस्तकं, सॉफ्टवेअर, गलोल आणि बीन्सचा कॅन होता. त्या दिवशी या खेळाला ना नाव होतं ना नियम. खाऊची मनाई पुढे आली, कारण असंख्य लोकांचे डबे रानात वर्षानुवर्षं राहू लागले आणि प्राण्यांनी ते फोडले. सीलबंद पत्र्याच्या कॅनमधून वास येत नाही, चॉकलेटच्या कागदातून येतो. पहिल्या दिवसाचा दाखला देऊन आजचा नियम मोडायचा असेल, तर मग गलोलही ठेवा म्हणा.

ट्रॅकेबलबद्दल तुमचं म्हणणं मान्य. तिथे लेख त्रोटक राहिला. तेव्हा इथेच: ज्या बिल्ल्यावर किंवा नाण्यावर कोड कोरलेला आहे आणि तो संकेतस्थळावर शोधता येतो, ते ट्रॅकेबल. ते देवाणघेवाणीच्या वस्तूंत मोजायचं नाही. ते घ्यायला बदल्यात काही ठेवावं लागत नाही, पण ते तुमचंही होत नाही. उचललं की नोंद करायची, मालकाने दिलेलं उद्दिष्ट वाचायचं (कुणाचं समुद्रकिनारे बघायचं असतं, कुणाचं एखाद्या देशात पोचायचं) आणि त्या दिशेच्या मोठ्या डब्यात सोडायचं. पुढे नेता येणार नसेल तर हात लावू नका. कोडचा फोटो टाकू नका, नाहीतर बिल्ला हातात न घेतलेले लोकही नोंदी करतात. लेटरबॉक्स प्रकारच्या डब्यातला रबरी शिक्काही त्या डब्याचा असतो, घरी न्यायचा नसतो. हा मजकूर मी मूळ लेखात घालतो. मुद्दा योग्य होता, एवढ्या फणकाऱ्याने सांगायची गरज नव्हती.

एक विनंती. ज्या डब्यांत तुम्ही साबण, उदबत्ती आणि पुड्या ठेवल्यात, ते तुम्हाला आठवत असतील. शक्य असेल तिथे पावसाळी हवा सुरू होण्याआधी जाऊन त्या काढा, काठ कोरड्या फडक्याने पुसा आणि जागी गोट्या ठेवा. जाणं जमणार नसेल तर डब्याच्या मालकाला संकेतस्थळावरून निरोप पाठवून नेमकं काय आहे ते लिहा, विशेषतः कुंकवाचं. तो काढून टाकेल. आणि यावर पुन्हा लिहिणार असाल तर डबा कोणत्या आकाराचा होता आणि किती महिन्यांनी उघडलात, हेही लिहा. त्यावर बोलायला मी तयार आहे, माझ्या लाजेबद्दल नाही.