तालुक्याच्या मैदानावर हवेचा डोम? आधी ब्लोअरचं बोला

पावसाळ्यात मैदानाचा चिखल, मे महिन्यात ४५ अंशांचं ऊन. अशात क्रीडा संकुलावर हवेने फुगवलेला डोम हवा असं वाटणं साहजिक आहे. मधे एक खांब नाही, उंची भरपूर, पोट्ट्यांना बारमाही सराव. पण चर्चा होते ती कापडाच्या भावाची, आणि डोममध्ये सगळ्यात कमी त्रास देणारी वस्तू कापडच असते. डोम म्हणजे चोवीस तास चालवायचं मशीन: आत सतत हवा ढकलणारा मोठा पंखा, म्हणजे ब्लोअर, चालू आहे तोवरच तो उभा. ते चालवायची सोय नसेल तर घेऊच नये, असं माझं मत.

आतला दाब बाहेरपेक्षा साधारण २५० पास्कल जास्त ठेवतात. पाण्यात मोजला तर जेमतेम २५ मिलिमीटर, बादलीच्या तळाशी इंचभर पाणी असतं तेवढा. पण चौरस मीटरला त्याचे २५ किलो होतात. २५ बाय ४० मीटरचा डोम घ्या: वरच्या दिशेने २५ टन ओढ, परीघ १३० मीटर, म्हणजे दर मीटरला १९० किलो. कापडाची कड जमिनीला धरून ठेवणारा अर्धा मीटर रुंद, अर्धा मीटर खोल काँक्रीट बीम मीटरमागे ६०० किलो भरतो, म्हणून कागदावर भागतं. (वाऱ्याची ओढ यात धरलेली नाही, ती वेगळी.) आपली काळी जमीन मात्र कागद वाचत नाही. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बीम एका जागी उचलला जातो, दुसरीकडे त्याच्याखाली पोकळी होते. तिथून हवा गळते, कापडाची ओढ एकाच क्लॅम्पवर येते आणि कड तिथूनच फाटायला लागते. काळी माती काढून मुरमाची थराथराने दाबून भराई करा, नाहीतर अंडर-रीम्ड पाइल (खोल जाणारे, तळाशी फुगीर काँक्रीटचे खांब) घ्या. हा खर्च कापडाच्या कोटेशनमध्ये सहसा दिसत नाही.

खरी गोम वाऱ्यात आहे. इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या तिसऱ्या भागात नागपूरचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय. त्याचा दाब निघतो जवळपास ११६० पास्कल, आणि आत आहेत २५०. म्हणून वारा वाढला की ब्लोअरने आतला दाब वाढवायचा असतो, नाहीतर वाऱ्याकडची बाजू आत दबते आणि कापड फडफडून फाटतं. आता आपल्याकडे वारा-वावधान आलं की पहिल्यांदा काय जातं? लाइन. दाब वाढवायची गरज आणि वीज जाणं, दोन्ही एकाच मिनिटाला. त्यामुळे दुसरा ब्लोअर थेट डिझेल इंजिनावर हवा, तो आपोआप सुरू व्हायला हवा, आणि दर आठवड्याला भारावर चालवून बघायला हवा. बॅटरी उतरलेली, टाकीतलं डिझेल कोणीतरी नेलेलं, हे ऐन वादळात कळून उपयोग नाही.

पाण्याचंही तसंच. दाब घसरून माथ्यावर खळगा पडला आणि त्यात २५ मिलिमीटर पाणी साचलं की ते आतल्या दाबाच्या बरोबरीला येतं. पुढचं पाणी खळगा खोल करतं, खोल खळगा आणखी पाणी ओढतो. अमेरिकेत मिनियापोलिसच्या मेट्रोडोम स्टेडियमचं असंच हवेवर तोललेलं छत १२ डिसेंबर २०१० रोजी बर्फाच्या ओझ्याने फाटून खाली आलं. आपल्याकडे बर्फ नाही, पण जुलैतली एक रात्र पुरे.

दाराचा विचार कोणी करत नाही. दोन चौरस मीटरच्या साध्या दारावर ५० किलोचा रेटा येतो: कडी काढली की बाहेर फेकलं जातं, बंद करायला दोन माणसं. म्हणून येण्याजाण्याला फिरतं दार आणि सामानाला दोन दारांची खोली. संकटकाळची दारं वेगळी, बाहेर उघडणारी, त्यांच्यापुढे सायकली लावू देऊ नका. शेजारच्या वावरात पऱ्हाट्या पेटवल्या की ठिणगीने भोकं पडतात. एका भोकाने डोम बसत नाही, पण त्याच दिवशी ठिगळ लावा, नाहीतर वाऱ्यात चीर वाढते.

आणि ऊन. डोमची पद्धत थंड मुलखात वाढली, तिथे आत ऊब साठणं फायद्याचं. मे महिन्यात आपल्या बंद डोममध्ये एसीशिवाय कबड्डी होणार नाही. मला विचाराल तर कबड्डी-खो-खोला चारी बाजू मोकळ्या ठेवलेलं उंच पत्र्याचं छत बरं. पत्र्याखाली उष्णतारोधक थर द्या, पागोळ्यांना नाली काढा, लाइन गेली तरी ते उभंच राहतं.

तरीही डोमच हवा असेल तर निविदेत दुसरा ब्लोअर, वाऱ्याचा वेगमापक, मुरमाची भराई आणि वर्षाचं डिझेल नावानिशी लिहा. आणि रात्रपाळीच्या ऑपरेटरचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून निघणार, तेही आधी विचारून घ्या.